बांधाचे दगड

गेली एकोणतीस वर्षं मी कनेक्टिकटमध्ये लोकांच्या अंगणातल्या गोचिडी संपवतोय. हा माझ्या हातचा मळ आहे, आणि तसं सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. काठीला पांढरं फडकं बांधून गवतावरून ओढायचं, त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजायच्या आणि कामाला लागायचं. मेरिल ऑसगुड येऊन गेला की फडकं कोरं निघतं.

जोॲना कुहार्स्कीनं मला मे महिन्यात बोलावलं. आदल्या उन्हाळ्यात तिच्या सात वर्षांच्या टॅबीला गोचीड चावून लाइम नावाचा आजार झाला होता. एका सकाळी नाश्ता करताना तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून दूध ओघळायला लागलं आणि दुपारपर्यंत अर्धा चेहरा लुळा पडला. औषधांनी पोरगी बरी झाली. आई मात्र तेव्हापासून तिला पायरीखाली उतरू देत नव्हती.

"तिला अंगणात खेळता यावं, मेरिल. बाकी काही नको मला."

"चार जुलैला ती गवतात लोळेल," मी म्हटलं, "आणि तू सरबताचा पेला घेऊन तिच्यामागे धावशील."

मी पाचोळा काढला, गवत कापलं, गोचिडींनी ओलांडू नये म्हणून रान आणि अंगण यांच्यामध्ये लाकडाच्या ढलप्यांचा तीन फुटी पट्टा घातला. राहता राहिला मागचा दगडी बांध. जुन्या शेताचा, कमरेएवढा, उंदरांनी भरलेला. उंदीर आले की गोचिडी आल्याच.

आता जोॲना पोरीला थोडा वेळ अंगणात सोडायला लागली होती आणि संध्याकाळी तिचं अंग तपासायची. इकडे घरोघरी तपासतात. कानामागे, काखेत, केसांत. गोचीड सापडली की ती चिकटपट्टीनं कार्डावर डकवायची आणि तारीख व जागा लिहायची, डॉक्टरला दाखवायला.

जूनमध्ये तिनं माझ्यापुढे पाच कार्डं ठेवली. "ही माझी नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीत सापडतात. ज्या दिवशी सापडतात, त्या दिवशी टॅबीच्या अंगावर काही नसतं."

प्रत्येकावर खसखशीएवढी एक गोचीड होती. चिकटपट्टी नव्हती, पाइनचा डिंक होता. खाली तपकिरी शाईत जुन्या वळणाचं तिरपं अक्षर. टॅबी, उजव्या गुडघ्यामागे. टॅबी, मानेवर.

"कोण काढतं गं?" मी पोरीला विचारलं.

"बांधातली बाई. तिचे हात गार असतात. पण दुखत नाही."

"तिला म्हणावं, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

टॅबी हसली नाही.

शेजारची कुणी रिकामटेकडी बाई असणार, असं मी ठरवून टाकलं. जोॲना म्हणाली, "राहू द्या ना तो बांध. एकही चावलेली नाही तिला."

"अर्धवट काम मी करत नाही."

दोन दिवसांत बांध उतरवला. दगड इतके देखणे, की टाकवेनात. ट्रकमधून घरी नेले आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली फुलांचा वाफा बांधला.

फडकं कोरं निघालं. कार्डं थांबली. चार जुलैला टॅबी खरंच गवतात लोळली आणि मी पायरीवर बसून ऐटीत दोन पेले सरबत प्यायलो.

जुलैच्या अखेरीस एका सकाळी कॉफी करताना मला माझ्या खिडकीत कार्ड दिसलं. खिडकीला आतून कडी होती.

मेरिल, दोन खांद्यांच्या मध्ये.

गोचीड डिंकात घट्ट बसली होती.

मी एकटा राहतो. शर्ट काढून आरशाकडे पाठ केली आणि मान वळवून पाहिलं. नेमक्या जागी लाल ठिपका होता. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू.

मग दुसराच विचार आला आणि पहिली भीती काहीच नव्हती असं वाटलं. ही बाई इथे आहे. मग तिथे कोण आहे?

तसाच बाहेर धावलो आणि वाफा उपसून दगड ट्रकमध्ये भरायला लागलो. आठ भरले असतील, तेवढ्यात फोन वाजला.

"मेरिल," जोॲना फार हळू बोलत होती. "मी रोज तपासत होते. रोज. फडकंसुद्धा कोरंच होतं ना?"

"कोरं होतं."

मागे वाडग्यात चमचा वाजत होता.

"नाश्ता करतेय ती," जोॲना म्हणाली. "दूध ओघळतंय."