तांब्याच्या जाळीतला सूर

दुपारचा चहा आटोपून ताई प्रयोगशाळेत आल्या. तांब्याच्या जाळीला बोट लावून त्यांनी अंगातली वीज जमिनीत सोडली आणि पेशी वाढवायच्या काचेच्या बशीत सुई लावायला बसल्या. ही तिथली रीत. जिवंत पेशीच्या पडद्याच्या आतबाहेर विजेचा किंचित फरक असतो. तो मोजायचा तर बाहेरच्या विजेची लुडबुड नको, म्हणून बशीभोवती कपाटाएवढा जाळीचा पिंजरा. काचेची बारीक सुई पेशीत शिरली की तिला जोडलेल्या स्पीकरचा सूर खाली उतरतो. जुनी माणसं सुई कानानंच टोचतात. त्या वयात डोळ्यांवर कोण विसंबतो? आजही सूर उतरला तसा ताईंनी हात मागं घेतला.

बशीतल्या पेशी ताईंच्या धाकट्या भावाच्या. तो गेला, कातडीचा एवढासा तुकडा मागं राहिला. ताई जवळ आल्या की सूर थरथरायचा. इतर कुणी आलं तर ढिम्म.

"लिफ्टची मोटार असेल," दारातून प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. पेशी केव्हाच मेल्यात, बशी आज रिकामी करा, असा त्यांचा हुकूम. हातात ब्लीचची बाटली.

"लिफ्ट बंद करून बघितली."

"मग मोबाइल."

"तोही. आता माझं डोकं तेवढं बंद करायचं राहिलंय."

"ताई, तुमचं दुःख मला समजतं..."

"समजत असेल तर बाटली खाली ठेवा."

साहेबांनी पिंजऱ्याचं दार लावून कडी घातली. आता बाहेरचं काही आत पोचणं शक्य नव्हतं. सूर स्थिरावला. बढती मिळाल्यासारखे साहेब हसले आणि त्यांनी बाटलीचं बूच काढलं.

सूर उतरू लागला. खोल, आणखी खोल... फडताळातल्या काचा गुणगुणल्या. ठिणगी उडाल्यावर येतो तसा जळका वास आला. साहेबांच्या हातावरचे केस ताठ उभे राहिले.

"ओता ना," ताई म्हणाल्या. "फक्त दार तुमच्या हातानं उघडा."

साहेबांनी बूच लावलं. "उद्या बघू," म्हणाले आणि निघाले. साहेबलोकांत याला माघार म्हणत नाहीत.

"गेला रे तो साहेब," ताई हळूच म्हणाल्या. कडी काढली, चष्मा चढवला आणि प्रथमच बशीकडे नीट वाकून पाहिलं.

सुईचं टोक द्रवाच्या वर होतं. अधांतरी. पेशीत ते शिरलंच नव्हतं.

सूर अजून उतरतच होता.

ताईंनी खुर्ची पुढं ओढली.

"तू माझा भाऊ नसशील, तर ऐक," त्या म्हणाल्या. "ही बशी त्याची आहे. तिला कुणाला हात लावू देणार नाही... तुलासुद्धा."

सूर होता तिथंच थांबला. कुणी श्वास रोखून ऐकावं, तसा.