लाडक्या मॅकिंटायरचं आडनाव

धुकं इतकं दाट होतं, की पुतळीला तो आधी दिसलाच नाही, नुसता ऐकू आला.

“बाय, जरा उठता का? तुम्ही बसलात त्याच ओंडक्यावर शिक्का मारायचा हाय.”

बोली डोंगरपाड्यावरची, अस्सल. पुतळीनं मान वर केली आणि भाकरीचा तुकडा हातातच राहिला. तांबूस केसांचा, घाऱ्या डोळ्यांचा एक गोरापान तरुण संस्थानच्या जंगल खात्याचा हातोडा घेऊन उभा होता. चेहरा साहेबाचा आणि वाणी वारली माणसाची... हे काय आक्रीत?

ती उठायचंच विसरली. तो ओशाळून हसला. “भ्यायचं कारण नाय. समदी आधी असंच बघतात.”

“भ्यायलंय कोण?” ती म्हणाली, आणि मुद्दाम आणखी दोन घास खाऊन मगच उठली.

ते १९०९ साल होतं. पुतळीचा बाप जिवा सुतार जव्हारात दारं-खिडक्या घडवायचा. आई गेल्यापासून घर पुतळीवर होतं, म्हणून तिचं लग्नही लांबलं होतं. त्या सकाळी ती लाकूड निवडायला गेलेल्या बापाची न्याहारी घेऊन लाकडाच्या वखारीत आली होती. पुढं मात्र बापाला रोजच भूक लागायला लागली, आणि न्याहारी पोचवायला तिला रोजच उशीर व्हायला लागला.

त्याचं नाव लाडक्या. मोखाड्याकडचा रस्ता बांधायला आलेल्या एका स्कॉटलंडच्या ओव्हरसियरनं खोडाळ्याजवळच्या पाड्यावरच्या सुकरी नावाच्या वारली मुलीशी लग्न केलं होतं. लाडक्या दहा वर्षांचा असताना बाप तापानं गेला. मागं ठेवून गेला थोडं इंग्रजी, त्याच्या बहिणीची दोन पत्रं, आणि कोणाच्याच जिभेवर नीट न बसणारं एक आडनाव – मॅकिंटायर.

“म्हणजे काय?” पुतळीनं विचारलं.

“ठावं नाय.”

“सुतार म्हणजे सूत्रधार. सूत धरून लाकूड सरळ कापतो तो. आडनावाला काहीतरी अर्थ असणारच की.”

“विचारलंच नाय मला कोणी आजवर,” तो म्हणाला. मग तिच्या केसांत अडकलेला लाकडाचा ढलपा काढायला त्यानं हात पुढं केला... आणि अर्ध्यावरच मागं घेतला. पुतळीनं तो ढलपा संध्याकाळपर्यंत केसांतच राहू दिला.

त्यानं आत्याला पत्र टाकलं.

उत्तर यायच्या आतच त्र्यंबकहून पुतळीला स्थळ आलं. ते ऐकून लाडक्या कोणालाही न विचारता थेट जिवाच्या पडवीत जाऊन उभा राहिला आणि पोरीला मागणी घातली. पुतळी आतून दाराआड ऐकत होती. जिवाच्या हातातला रंधा थांबला. तो ओरडला नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली. त्यानं फक्त विचारलं, की कूळ कोणतं, आडनावाचा अर्थ तरी काय. लाडक्याला सांगता आलं नाही.

“ज्याला आपलं नावच ठाऊक नाही, त्याच्या घरी पोर द्यायची कशी?” जिवा म्हणाला. रंधा पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर लाडक्या वखारीत दिसेना. त्याची बदली मोखाड्याला झाल्याचं कळलं. मोहाची झाडं फुलली, फुलं गळली. त्र्यंबकची माणसं पुतळीला बघून गेली.

वैशाखातल्या एका दुपारी तो पडवीसमोर आला. चेहरा पांढराफटक, हातात पत्र. काय अर्थ निघाला असेल? चोर? खाटीक? की आणखी काही, जे बापासमोर बोलताही येणार नाही?

“मॅक म्हणजे मुलगा,” तो म्हणाला. “आणि पुढचं... त्यांच्या जुन्या गेलिक भाषेत... सुतार. मॅक-अन-तीर. सुताराचा मुलगा.”

पुतळी तिथंच उंबऱ्यावर बसली. जिवा त्याच्याकडं बघतच राहिला.

लाडक्यानं पत्र वाचलं. आत्यानं घराण्यात सांगत आलेली गोष्ट लिहिली होती. त्यांच्या एका पूर्वजाची होडी भर समुद्रात गळू लागली. तळाची खुंटी निघाली होती. त्यानं भोकात अंगठा घातला, पण हात अडकला तर वल्हं कोण मारणार? म्हणून त्यानं स्वतःचा अंगठा तोडून तिथंच ठोकून बसवला आणि सगळ्यांना काठाला नेलं. तेव्हापासून त्याला अंगठ्याचा सुतार म्हणू लागले.

जिवानं नकळत स्वतःचा अंगठा मुठीत धरला.

“अर्थ सापडला म्हणून कोणी जातीतला होत नाही,” अखेर तो म्हणाला. पण आवाजात धार नव्हती.

पुतळी उठून उभी राहिली. असं काही आपण बोलू शकतो, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

“अर्थ चोर निघाला असता, तरी मी यांच्याकडंच जाणार होते, बाबा.”

लाडक्याच्या हातातलं पत्र खाली पडलं. ते उचलायचंही त्याला सुचलं नाही. जिवा लेकीकडं असं बघत होता, जणू ही कोणी दुसरीच बाई त्याच्या पडवीत उभी होती.

“आपल्यातलं कोणी लग्नाला येणार नाही,” तो म्हणाला. “जातीचे पंच तर नाहीतच. त्यांच्या पाड्यावर, भटजीऐवजी त्यांची धवलेरी बाई गाणं म्हणून लग्न लावेल. माझ्यानंतर या दारात तुला कोणी ओळख दाखवणार नाही. चालेल?”

पुतळीनं मान डोलावली.

जिवानं वाकून पत्र उचललं, त्यावरचा भुसा झटकला, आणि लाडक्याच्या हातात देताना पहिल्यांदाच त्याला घरच्या पोरासारखं अरेतुरे केलं.

“बस रे,” तो म्हणाला. “ती अंगठ्याची गोष्ट पुन्हा सांग. सावकाश.”