सात फिकट पट्ट्या

गोष्ट भरदुपारची आहे. रात्रीची असती तर निम्मा दोष अंधारावर ढकलता आला असता.

घरात तिला सगळे अर्धी म्हणत. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात, ऐन मध्यावर, ती बॅग उचलून घरी आली, त्या दिवशी आजोबांनी हे नाव ठेवलं. अर्धवट शिकली म्हणून अर्धी. स्वतः आजोबा चौथीतून पळालेले, पण ते कुणी काढायचं नाही. त्यांनी शाळा सोडली ती कलेसाठी, आणि हिने सोडली ती माज म्हणून.

घराच्या मागच्या अंगाला त्यांचा कारखाना होता. लोकांच्या कपाटा-टेबलांतून उरलेले लाकडाचे तुकडे इथे जमत. काळपट शिसव, लालसर सागवान, पिठासारखं फिकट कुठलं तरी लाकूड. त्यांच्या पट्ट्या कापायच्या, एक गडद एक फिकट अशा सरसाने चिकटवायच्या, शिकंज्यात आवळायच्या, आणि वाळल्या की लेथवर चढवून गोल करायच्या. फुलदाण्या, वाडगे, दिव्यांचे खांब. पट्टेरी वस्तू बघून लोक म्हणत, काय रंगवलंय. रंग नसतो तो. तुकड्यांचाच तो रंग.

शनिवारी सुतारांच्या संघटनेने आजोबांचा सत्कार ठेवला होता. व्यासपीठावर मांडायला कारखान्यातली एक नवी वस्तू हवी होती. आजोबांचे हात आता थरथरत, म्हणून सोमवारी सकाळी बाबांनी अर्धीला सांगितलं, "तू कर. खाली त्यांचं नाव डागायचं."

"मी करायचं आणि नाव त्यांचं?"

"घराचं नाव आहे ते."

"मग खाली 'घर' लिहा."

बाबा हसले नाहीत. कारखान्यात त्यांना हसताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

तिने ठरवलं, एक बंद गोळा करायचा. कलिंगडाएवढा, आतून पोकळ. चौदा पट्ट्या पिंपासारख्या उभ्या गोलात जोडायच्या, वर-खाली चकती बसवायची आणि बाहेरून लेथवर गोल करायचा. आतून साफ करायची गरज नाही. बंद गोळ्याच्या आत कोण बघतंय?

फिकट लाकूड शोधताना तिचा हात सगळ्यात खालच्या फळीवर गेला. तिथे मेणकापडाखाली सात पट्ट्या होत्या. आजोबा वर्षाकाठी तिथून एखादीच पट्टी काढत, आणि एका वस्तूत एकच लावत. त्यांचा नियमच होता तसा. एका फळीचे दोन तुकडे एका वस्तूत घ्यायचे नाहीत. का, तर म्हणे एका फळीचे तुकडे एकमेकांना ओळखतात, ओढ घेतात, जोड उकलतो.

याहून मोठी थाप अर्धीने ऐकली नव्हती. कुठलाही सुतार उलट करतो. एका फळीचे तुकडे शेजारी आणतो, म्हणजे लाकडाच्या रेघा एकातून दुसऱ्यात वाहतात. तिने सातही पट्ट्या बाकावर पसरल्या. कुणीतरी एक रुंद फळी उभी चिरून त्या काढल्या होत्या. एका अंगाला जुना निळा रंग खरवडूनही थोडा उरला होता. एकीला खिळ्यांची चार भोकं होती, चौकोनात, जणू तिथे काही लोखंडी बसवलेलं असावं. दुसऱ्या अंगाला ओरखडे होते. बारीक, उभे, खूप. मांजर असेल, असं म्हणून तिने पट्ट्या बाकावरच मूळच्या क्रमाने लावून पाहिल्या. रेघेला रेघ जुळली. ओरखड्याला ओरखडा जुळला. मग त्याच क्रमाने ओरखड्यांची बाजू तिने आत घेतली, मधे मधे शिसवाच्या सात पट्ट्या बसवल्या आणि शिकंजे आवळले. आजोबा खिडकीपाशी खुर्चीत पेंगत होते. त्यांना सांगितलं नाही. नियम मोडायचा तर विचारून कशाला मोडायचा?

मंगळवारी चकत्या बसल्या. बुधवारी दुपारी गोळा लेथवरून उतरला. इतका गुळगुळीत, की तिला स्वतःचाच अभिमान वाटला. राहिली होती फक्त जोडाची परीक्षा. ती बोटाच्या पेराने करतात. प्रत्येक जोडावर दोनदा ठोकायचं. आवाज भरलेला आला तर सरस सगळीकडे पोचलाय, पोचट आला तर फट आहे.

लेथ बंद होता. बाबा जेवून पटाशांना धार लावत होते. तिने गोळा मांडीवर घेतला आणि ठोकलं.

टक, टक.

आवाज चांगला होता. तिने गोळा फिरवला आणि पुढच्या जोडावर बोट नेलं.

टक, टक.

बोट अजून हवेत होतं.

लाकूड वाळताना तडकतं, हे तिला माहीत होतं. कडकन, एकदा. असं दोनदा, मोजून नाही. तिने श्वास धरला आणि परत दोनदा ठोकलं. थोडा वेळ काही नाही. भुशाचा वास, सरसाचा आंबूस वास. मग त्यात तिसराच एक वास मिसळला. दिवसेंदिवस न उघडलेल्या खोलीचा, घामाचा, अंथरुणाचा. आणि गोळ्याच्या आतून तिच्या मांडीला जाणवलं. टक, टक. मग काहीतरी टोकदार लाकडावरून वरून खाली ओढत गेलं, सावकाश.

"बाबा," ती म्हणाली. "हे वाजतंय."

"फट असेल."

"फट नाही. हात लावून बघा."

बाबांनी कंटाळून हात पुसला आणि गोळ्यावर ठेवला. त्यांच्या तळव्याखाली ते परत झालं. बाबांनी हात काढला नाही. त्यांचा चेहरा मात्र कुणीतरी ओला फडका फिरवून पुसून टाकल्यासारखा झाला.

"कुठलं लाकूड घेतलंस?"

"खालचं. मेणकापडाखालचं."

"किती पट्ट्या?"

"सगळ्या. सात."

"तुला नियम सांगितला होता ना," बाबा इतक्या हळू म्हणाले की तिला ओठांवरून कळलं. "एवढी एक गोष्ट..."

"कसलं लाकूड आहे ते, बाबा?"

कारखान्याच्या मागे एक खोली होती. तिला दार नव्हतं. रिकामी चौकट आणि जाड, मळका पडदा. आत फळ्यांचा साठा. दार का नाही, असं लहानपणी तिने विचारलं तेव्हा उत्तर मिळालं होतं, फळ्या न्या-आणायला बरं पडतं. आता बाबा त्या पडद्याकडे बघत होते.

"दार होतं त्या खोलीला," ते म्हणाले. "निळं."

आत्याबद्दल अर्धीला एवढंच माहीत होतं की ती तरुणपणी आजाराने गेली. भिंतीवर फोटोही नव्हता. आता बाबा खाली बसून, पटाशीची धार अंगठ्याने चाचपत बोलले. ताई एकोणीस वर्षांची होती. शिक्षण सोडून दुसऱ्या गावी नाटक कंपनीत जाते म्हणाली. आजोबांनी तिला त्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. डोकं ठिकाणावर येईपर्यंत.

"ती दार वाजवायची," बाबा म्हणाले. "दोनदा. थांबायची. परत दोनदा. मी अकरा वर्षांचा होतो गं... मला सांगितलं होतं, कडीला हात लावायचा नाही."

"आणि आजोबा?"

"त्यांनी लेथ चालू ठेवला. दोन दिवस. काही काम नव्हतं, नुसताच फिरवत ठेवला. आवाज येऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी खटखट थांबली. आम्हाला वाटलं, शहाणी झाली."

अर्धीने गोळा मांडीवरून उचलून बाकावर ठेवला.

"तिला दमा होता," बाबा म्हणाले. "तिचा पंप बाहेर राहिला होता. टेबलावर. मी त्याच टेबलावर गृहपाठ करायचो."

"आणि ते दार तुम्ही जाळलं नाहीत."

"चांगलं लाकूड होतं," बाबा म्हणाले. हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. या घरात एक तुकडाही फुकट घालवत नाहीत. दर वर्षी एक पट्टी, दर वर्षी कुणाच्या तरी घरी एक सुंदर वस्तू. सुटी सुटी, वेगवेगळ्या गावांत. आणि उरलेल्या सात तिने परत एकत्र आणल्या होत्या. रेघेला रेघ जुळवून.

खुर्ची करकरली. आजोबा उठून उभे होते.

लेथच्या आवाजाने आजोबांचे कान गेले, असं घरात सांगत. गेली वीस वर्षं त्यांना कानाशी ओरडून सांगावं लागे, आणि कानाचं यंत्र ते लावत नसत. आता ते बाकापर्यंत आले, मान तिरकी करून उभे राहिले आणि म्हणाले, "हे कोण वाजवतंय?"

बाबा उभे राहिले. "अण्णा, तुम्हाला... ऐकू येतंय?"

त्यांनी बाबांकडे पाहिलंही नाही. बाबांचं बोलणं त्यांना ऐकू आलंच नव्हतं. ते फक्त गोळ्याकडे बघत होते. थरथरत्या हातांनी त्यांनी तो उचलला, छातीशी धरला.

"आत ठेवतो," ते म्हणाले. "फळ्यांच्या मागे. शनिवारी दुसरं काहीतरी न्या."

"पुन्हा?" अर्धी वाटेत उभी राहिली. मग त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, "पुन्हा आतच ठेवणार? द्या इकडे, मी कापून उघडते."

"हो बाजूला, अर्धे. थोरल्यांनी ठरवलेल्यात तू पडू नकोस."

खांद्याने तिला ढकलून ते गेले. पडदा उचलला, आत शिरले, पडदा खाली पडला. फळ्या सरकवल्याचा आवाज आला. मग काही नाही. बाहेर कुठेतरी कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं.

आणि मग पडद्यामागून आवाज आला. टक, टक.

हा आवाज गोळ्याचा नव्हता. मोठा होता, रुंद लाकडावरचा. थांबला. परत आला. टक, टक. पाठोपाठ आजोबांचा आवाज, जाड भिंतीपलीकडून यावा तसा. "अगं... उघड. कोण आहे तिथं? उघडा रे..."

अर्धीने पडदा बाजूला सारायला हात घातला. पडदा आत गेला नाही. कापडाच्या मागे हाताला लाकूड लागलं.

ती चाचपत राहिली. थंड फळी, रंगाचे सुटलेले पोपडे, आणि कमरेच्या उंचीवर लोखंडाची कडी. बंद. तिच्या बाजूने.

"बाबा, इकडे या," ती म्हणाली.

बाबा आले नाहीत. ते मागे मागे सरकत गेले, लेथपाशी पोचले, आणि अकरा वर्षांच्या पोराच्या चेहऱ्याने त्यांनी बटण दाबलं. रिकामा लेथ घुमायला लागला. सगळा कारखाना त्या आवाजाने भरून गेला. तरी तळहाताखाली तिला ठोके कळत होते. दोन, दोन. मग नखं ओढल्याची थरथर, वरून खाली.

कडी तिच्या मुठीत होती. कापडातूनही ती नीट धरता येत होती. एक हिसका आणि उघडली असती.

इथे खरं सांगायला हवं. तिने ती लगेच ओढली नाही. भीतीने नव्हे. तिला आठवला तो पंप, टेबलावरचा. तिला वाटलं, दोन दिवस. दोन दिवस नको, एक तास. एक तासभर कळू दे म्हाताऱ्याला. डोकं ठिकाणावर येईपर्यंत. ती दाराला कपाळ टेकून उभी राहिली आणि ठोके मोजत राहिली. किती मोजले ते तिला आजही सांगता येत नाही.

मग खटखट थांबली.

तिने कडी ओढली. हातात नुसता पडदा आला, वरच्या रिंगांसकट तुटून. मागे रिकामी चौकट होती. आजोबा चौकटीच्या आतल्या अंगाला पाय पसरून बसले होते, मांडीत गोळा, तोंड उघडं, पाण्याबाहेर काढलेल्या माशाचं असतं तसं.

डॉक्टरांनी विचारलं, दमा होता का? बाबा म्हणाले, कधीच नव्हता. डॉक्टरांनी आजोबांची बोटं वळवून पाहिली. नखांमध्ये लाकडाचा चुरा भरला होता, फिकट, त्यावर कुठे कुठे निळं. "सुतार माणूस," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर सही केली.

शनिवारी सत्काराची शोकसभा झाली. टेबलावर आजोबांचा फोटो आणि शेजारी तो गोळा. एक जण म्हणाला, अण्णांनी कधी आयुष्यात एक तुकडा वाया घालवला नाही. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. अर्धी पहिल्या रांगेत बसली होती आणि करायला दुसरं काही नाही म्हणून पट्ट्या मोजत होती. काही वेळाने उठून ती टेबलाभोवती फिरली. परत मोजलं. मग बोट ठेवून मोजलं.

गडद सात. फिकट आठ.

आठवी पट्टी एका फिकट पट्टीला चिकटूनच होती. मधे जोड दिसत नव्हता, सरसाची रेघ नव्हती. तिच्या शेजारणीपेक्षा ती जरा पिवळट होती, आणि मधोमध एक गाठ होती, मिटल्या डोळ्यासारखी. तिच्या रेघा शेजारच्या रेघांशी नेमक्या जुळत होत्या.

गोळा आता कारखान्यात, खिडकीपाशी, आजोबांच्या रिकाम्या खुर्चीत आहे. खाली कुणाचंच नाव डागलेलं नाही. तो दुपारचा वाजतो. आधी दोन ठोके, झपझप, हलक्या हाताचे. मग थांबून दोन ठोके, थरथरत्या हाताचे.

करवत बाकावरच असते. मधोमध एक काप दिला की गोळा उघडेल, पाच मिनिटांचं काम. बाबा काही म्हणणार नाहीत, ते हल्ली या बाजूला येतच नाहीत. अर्धी रोज करवत उचलते, गोळ्यापर्यंत जाते, पाती टेकवते. आतला आवाज थांबतो, वाट बघत असल्यासारखा.

मग ती करवत खाली ठेवते आणि लेथ चालू करते.