एकेक तिकीट

आमच्या दुकानाचं दार हळू उघडायचं असतं. तसं दारावर ठळक अक्षरांत लिहिलंयही. पण तो आला तो वारा बरोबर घेऊनच! काखेत भलीमोठी फ्रेम, केसांत पावसाचे थेंब... आणि सकाळपासून मी देशवार लावून ठेवलेली तिकिटं टेबलावरून उडून सगळ्या खोलीभर.

"दार!" मी ओरडले.

"डॉक्टर?" त्यानं विचारलं.

डॉक्टर वरच्या मजल्यावर. आमचं दुकान जुन्या पोस्टाच्या तिकिटांचं. लोक त्यांचा संग्रह घेऊन येतात. तिकीट खरं की बनावट, आणि खरं असेल तर काय भावाचं, ते आम्ही सांगतो. दुकान मामाचं. पण हल्ली त्याला बारीक दिसत नाही, म्हणून बघते मी. मामा फक्त सही करतो आणि टोमणे मारतो.

फ्रेम भिंतीला टेकवून तो बिचारा गुडघ्यांवर बसून तिकिटं वेचायला लागला.

"बोटांनी नाही हो! चिमट्यानं."

"चिमटे तुम्ही मघापासून काढताय की," तो हसून म्हणाला. मग एका तिकिटाकडे बघत राहिला. "हे टक्कलवाले आजोबा आमच्याकडे पण आहेत."

मला खरं वाटलं नाही. पण पुढच्या गुरुवारी तो काड्यापेटीत घालून ते घेऊन आला. अमेरिकेचं, तीस सेंटचं, केशरी. त्यांच्या यादवी युद्धाच्या आधीचं. मी ते चिमट्यानं उचललं आणि आधी उलटं केलं.

"चेहरा नाही बघायचा?"

"चेहऱ्याला सगळेच भुलतात. मला पाठ मोकळी लागते. फाटलेलं जोडलंय, भोक बुजवलंय... सगळं पाठीवर कळतं."

"मग मी पण पाठ करून बसू का?"

मामा उगाचच खोकला.

तिकीट खरं निघालं. त्याच्या खापरपणजोबांचे थोरले भाऊ बोटीवर होते, त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रांवरची ती तिकिटं. अजून चार होती. तो फ्रेमा बनवायचा. ज्या गाळ्यात त्याचं काम चालायचं तो मालकानं विकायला काढला होता.

"वर्षअखेरपर्यंत गाळा घेता आला तर इथं राहीन," तो म्हणाला. "नाहीतर दादाकडे. समुद्रापलीकडे. त्यानं नोकरी बघूनच ठेवलीय."

"मग सगळी आणा ना एकदम!"

"आणतो की..." तो माझ्याकडे बघत म्हणाला, "एकेक."

तेव्हापासून गुरुवार म्हटलं की माझं लक्ष जिन्याकडे. पावलं ओळखू यायला लागली. तो तिकीट पुढे सरकवायचा, मी भिंग लावायचे, आणि भिंगात तिकिटाशेजारी त्याचं सरसाचे डाग पडलेलं बोट दिसायचं. काम पाच मिनिटांचं, पण चहाचे दोन कप संपायचे. मी केस नीट विंचरलेले दिसले की मामा म्हणायचा, "आज गुरुवार वाटतं."

शेवटचं तिकीट त्यानं ठेवलं आणि मी भिंग लावलं. ते कडेनं वळलं होतं. नुकतंच भिजून सुकलेलं. आणि त्यावरचा शिक्का अर्धाच होता. मी ड्रॉवरमधून आधीची काढली. प्रत्येकावर अर्धाच शिक्का, उरलेला पाकिटावर गेलेला! इतके दिवस मी काय बघत होते? तिकीट कमी, त्यालाच जास्त.

"ही... पाकिटांवर होती?"

"सगळीच. पहिलं तेवढं आपोआप सुटलेलं. बाकीची मी कोमट पाण्यात घालून काढली," तो खुशीत म्हणाला. "तुम्हाला पाठ मोकळी लागते ना!"

"आणि पाकिटं?"

"त्यांचा लगदा झाला. टाकून दिली."

मामानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. टोमणा मारला नाही. "बाळा," तो हळूच म्हणाला, "समुद्र ओलांडून आलेलं पाकीट, त्यावरचे बोटीचे शिक्के, आणि त्यावर चिकटलेलं हे तिकीट... तसं विकायचं असतं रे. तुझा गाळा आला असता त्यात."

"आणि असं सुटं?"

मामाऐवजी मीच म्हणाले, "असं नाही येणार."

त्यानं ते तिकीट परत काड्यापेटीत ठेवलं. मला त्याचा इतका राग आला, आणि इतकं रडू, की काय आधी आलं ते सांगता येणार नाही.

"निदान एखादं तरी पाकीट दाखवायचं! पहिल्याच दिवशी सगळी आणली असतीत तर..."

"तर मी एकदाच आलो असतो."

"नुसतं यायचं होतं मग! तिकीट कशाला लागतंय यायला?"

"असं तुम्ही कधी म्हणालात?"

नव्हते म्हणाले. मला वाटत होतं, कळतं त्याला.

ती सगळी तिकिटं मिळून जे पैसे आले, ते त्याच्या प्रवासाच्या भाड्यात गेले. जायच्या दिवशी तो आला तो बॅग घेऊन.

"आज काही आणलं नाही," म्हणाला.

मामा उठला. छत्री सापडेना, तर तसाच भर पावसात बाहेर गेला.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "फार आवडता. हे मी केव्हाच बोलायला हवं होतं."

"मी पण." तो खुर्चीवर बसला, बॅग मांडीवर घेऊन. "माझ्याबरोबर चला."

"मामाचे डोळे..."

"माहीत आहे."

"माहीत आहे, तर विचारलंत कशाला?"

"न विचारता गेलो असतो, तर तिकडे रोज वाटलं असतं... विचारलं असतं तर आली असती."

मी त्याचा हात धरला. सरसाचा डाग अजून होता.

"नसते आले रे," मी म्हणाले. "पण विचारलंस, बरं केलंस."

पहिल्यांदाच मी त्याला अरे-तुरे केलं. तो हसला, मग त्याचे डोळे भरून आले. स्टेशनात गाडी लागायची वेळ झाली होती, म्हणून त्याला उठावं लागलं.