ताईच्या सीटचा खळगा

१९७३ साल होतं. ही गोष्ट खरी आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे.

ज्यांना पांढरी साडी आणि उलटी पावलं हवीत, त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं. इथे तसलं काही नाही. सुरुवात तर रात्रीचीही नाही. भर दुपार होती. बाहेर भंगारवाला ओरडत चालला होता आणि आत मी दूध तापत ठेवलं होतं.

आमचं गाड्यांच्या सीटा दुरुस्त करायचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. सांगाडा, पट्टे, काथ्या हे सगळं ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या यजमानांकडे. कव्हरं मी शिवायचे. शेजारचा पंक्चरवाला म्हणायचा, "नवरा बसायची सोय करतो, बायको झाकपाक करते."

माझी थोरली बहीण, ताई, आदल्या वर्षी गेली होती. साध्या तापाचं निमित्त झालं. मूलबाळ नव्हतं. मागे राहिले भावजी आणि त्यांची जुनी गाडी.

ताई त्या गाडीला सवत म्हणायची. "आधी सवतीला आंघोळ, मग मला चहा!" असं सगळ्यांदेखत सुनावायची. आणि संध्याकाळ झाली की पहिली जाऊन त्याच सवतीत बसायची.

भावजी गाडी घेऊन दुकानात आले तेव्हा मी त्यांना आधी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, सदरा अंगावर लोंबत होता. त्यांच्या शेजारची सीट पार खाली गेली होती.

ह्यांनी सीट काढून उलटी केली. खालचे रबरी पट्टे कुजून तुटले होते.

"साडूभाऊ, ही गाडी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. हे पट्टे आता स्वर्गातच मिळायचे," हे म्हणाले आणि जीभ चावली.

"मग तिथूनच मागवा," भावजी म्हणाले. हसले नाहीत.

"बघतो मी काहीतरी. ट्रकच्या ट्यूबचे पट्टे कापतो. बादलीच्या कडीची तार वळवून हूक करतो. वर नवा काथ्या घालतो. अगदी नव्यासारखी सीट देतो."

"नव्यासारखी नको."

भावजींनी सीट सुलटी केली आणि तिच्यावरून हात फिरवला. दाराकडच्या बाजूला एक खळगा होता. वर्षानुवर्षं एकच माणूस एकाच जागी बसल्याने पडलेला.

"पट्टे बदला. पण हे जाऊ देऊ नका. माझ्याकडे तिचं एवढंच उरलंय."

जेवताना हे म्हणाले, "जन्म गेला खड्डे बुजवण्यात. खड्डा टिकवा म्हणणारा पहिलाच भेटला."

"जमेल का?"

"तू बसलीस तर जमेल."

त्याला कारण होतं. आमच्याकडे पट्टे ओढायची एक पद्धत होती. सीटचा सांगाडा दोन स्टुलांवर ठेवायचा. ज्याची सीट त्याला वर बसवायचं. हे खाली गोणपाट अंथरून उताणे पडायचे आणि वरून वजन जिथे येईल, तिथला पट्टा हवा तसा सैल किंवा घट्ट करायचे. बसणाऱ्याची बैठक खालून हातांना कळते, असं ह्यांचं म्हणणं.

आता जिची सीट, तीच नव्हती. म्हणून मी.

ताई कशी बसायची ते मला पाठ होतं. एक पाय अंगाखाली दुमडायचा, पाठ दाराला, तोंड भावजींकडे. मी तशी बसले. आपल्याच मेलेल्या बहिणीची नक्कल करत होते.

"ताईंपेक्षा तू चांगलीच वजनदार आहेस हं," खालून आवाज आला.

"पट्टे ओढा मुकाट्याने."

तेवढ्यात करपल्याचा वास आला. दूध! मी टुणकन उठले आणि आत धावले. पातेलं उतरवलं, सांडलेलं पुसलं, हात धुतले आणि परत आले.

दारातच थांबले.

हे खालून बोलत होते.

"हां... आता बरोबर. अशीच बस. हलू नकोस."

सीटवर कोणी नव्हतं.

दाराकडच्या बाजूला काथ्या दबलेला होता. मी बघत होते आणि तो आणखी थोडा दबला... रबर करकरलं.

"अगं, पाय जरा आत घे."

आणि ती दबलेली जागा... हळूच आत सरकली.

भिंत धरली. कसंबसं म्हणाले, "अहो... मी इथे आहे."

ह्यांचे हात थांबले. खालून त्यांना उंबऱ्यातले माझे पाय दिसले असणार.

रस्त्यावरचा भंगारवाला लांब गेला होता. कसलाच आवाज नव्हता.

मला वाटलं, हे आता बाहेर येतील, ओरडतील. ते तसेच पडून राहिले. मग अगदी हळू आवाजात, थोरल्या मेहुणीशी बोलायचे तसं अदबीने म्हणाले,

"ताई, अजून थोडं बसा. दोनच हूक राहिलेत."

हूक बसले. शेवटचा बसला तसा काथ्या सुस्कारा टाकल्यासारखा वर आला. उरला तो फक्त खळगा. नेमका, होता तसा.

ह्यांचा सदरा घामाने चिंब झाला होता. मला म्हणाले, "कव्हर शिवून टाक." मशीनवर बसले तेव्हा मला टीप दिसत नव्हती, इतके डोळे भरून येत होते.

भावजींना आम्ही काही सांगितलं नाही. त्यांनी सीटवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "हो," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी गाडी काढायला लागले. दाढी गेली. जेवायला लागले. दुकानावरून जाताना दिसायचे, मान जरा डावीकडे वळवून बोलत असायचे. पंक्चरवाला म्हणाला, "तुमच्या भावजींचा एक स्क्रू ढिला झालाय." मी म्हटलं, "तुमचे तरी सगळे कुठे घट्ट आहेत?" पण मीही बघत होते. शेजारची सीट रिकामी दिसायची... आणि दबलेली.

मला भीती वाटायची नाही. खरं सांगू? मला हेवा वाटायचा. त्यांना ती परत मिळाली होती, मला नाही.

मग एके दिवशी दिवेलागणीला भावजी दुकानात आले. चेहरा पांढराफटक.

"धाकटे... सीट वर आली."

हे धावले. कव्हर ढोलकीसारखं ताणलेलं होतं. खळग्याचा मागमूस नव्हता.

"असं होत नाही, साडूभाऊ. रबर सैल पडतं. आपणहून ताणत नाही कधी." मग थांबून विचारलं, "झालं काय?"

भावजी पायरीवर बसले.

"गावाबाहेर पाण्याच्या टाकीचं वळण आहे ना? पाय दुमडून बसायची, म्हणून तिथपर्यंत पायाला मुंग्या यायच्या तिच्या. मग मी थांबायचो, दार उघडून द्यायचो. म्हणायचो, उतर जरा, पाय मोकळे कर. आज सवयीने तसंच तोंडातून गेलं. दार उघडलं. तेवढ्यात मागून ट्रकवाला भोंगा वाजवायला लागला, म्हणून घाईने दार लावलं आणि निघालो. घरापर्यंत बोलतच आलो मी. वळून बघितलं तर..."

त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं.

"तिला तिथेच सोडून आलो गं. आयुष्यात कधी माझं ऐकलं नाही तिने, आणि हे ऐकलं. तिला रस्तासुद्धा ठाऊक नाही. कधी समोर बघायचीच नाही, माझ्याकडेच बघत बसायची."

आम्ही तिघंही तसेच निघालो. टाकीच्या वळणावर गाडी थांबवली, दार उघडलं. वारा नव्हता. गवताचं पातंही हलत नव्हतं.

"चल," भावजी म्हणाले. "चल ना. चुकलं माझं."

मी हाक मारली, "ताई, घरी चल."

सीट हलली नाही.

खूप वेळ थांबलो. आणि मग ऐकू आलं... लांबून, आम्ही आलो त्याच रस्त्यावरून. पावलं. एक नीट पडणारं, एक आपटत टाकलेलं. मुंग्या आलेला पाय आपटत चालतात तसं. गावाकडे चाललेली.

ती पायीच घरी निघाली होती आणि येताना वाटेत आम्हीच तिला ओलांडून पुढे आलो होतो.

गाडी फिरवली. दार उघडं ठेवून, माणसाच्या चालीने चालवली. पावलं पुढेच राहिली... मग थांबली. समोर मोकळा रस्ता. कोणी नाही.

भावजींनी त्यानंतर घराचं दार कधी लावलं नाही. थंडीतही नाही. दारासमोर खुर्ची टाकून बसायचे. काही वर्षांनी तिथेच, बसल्या बसल्या गेले. गाडी त्यांच्या पुतण्याने नेली आणि सीटा काढून फोमच्या बसवल्या.

आमचे हे मागच्या दशकात गेले. शेवटपर्यंत सीटखाली शिरले की आधी विचारायचे, "अगं, वर तूच आहेस ना?" मी 'हो' म्हटल्याशिवाय पक्कड हातात घ्यायचे नाहीत. पंक्चरवाला मुलीकडे राहायला गेला, त्याचं पुढे कळलं नाही. दुकान बंद झालं. मी मुलाकडे राहते.

भावजींच्या घरात आता दुसरं कुटुंब आहे. भली माणसं आहेत. दार लावून घेतात, कोणीही घेईल. मध्ये मी त्या बाजूला गेले होते, तर तिथल्या सूनबाईने आत बोलावलं, पाणी दिलं. बोलता बोलता म्हणाली, "आजी, तुम्हाला जुनं माहीत असेल म्हणून विचारते. संध्याकाळी आमच्या पायरीवर कोणीतरी पाय आपटतं. दार उघडलं की कोणी नसतं."

"कधीपासून?" मी विचारलं.

"आम्ही इथे आल्यानंतर. या दोनेक वर्षांत."

म्हणजे ताई पोचली. इतकी वर्षं चालत राहिली आणि भावजी गेल्यावर पोचली.

तिला कोणीतरी सांगायला हवं की ते आता घरात नाहीत. माझ्याशिवाय कोण सांगणार? मुलगा म्हणतो, सोडतो तुला हवं तेव्हा. पण संध्याकाळ झाली की मी काहीतरी कारण काढते आणि घरीच बसते.