डावीकडची लहर

गेम खेळायचं यंत्र कितीही भारी असो, त्यावर खेळायला गेमच नसतील तर ते टेबलावर ठेवलेलं महागडं खोकं असतं. ही साधी गोष्ट यंत्र विकणाऱ्या कंपन्यांना दर पिढीत नव्यानं शिकावी लागते. आधी ऐटीत यंत्र बनवतात, मग बाहेरच्या गेमकारांच्या दारात हात जोडून उभ्या राहतात.

सातारच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेच्या सभागृहात त्या दिवशी सकाळी अकराला सत्तावीस गेमकार बसले होते. मिरज, वसई, अकोला, निपाणी, कुठून कुठून आलेले. कुणाच्या हाताखाली चाळीस माणसं, कुणाकडे बायको आणि मेहुणा एवढाच कारखाना. समोर टेबलावर ‘चाहूल’ हे नवं यंत्र ठेवलं होतं. डबा जेवणाच्या डब्याएवढा. बाजूला दोन नियंत्रक आणि नाण्याएवढी पातळ चकती.

डॉ. अनसूया वाघचौरेंनी या डब्यात सात वर्षं घातली होती. चाहूल चार महिन्यांत बाजारात येणार होतं आणि त्यावर कंपनीचे स्वतःचे गेम होते फक्त तीन. संचालकांनी स्पष्ट सांगितलं होतं : आज दुपारपर्यंत वीस गेमकारांच्या सह्या आल्या नाहीत, तर यंत्र परदेशातल्या एका अजस्र प्रकाशकाला कायमचं देऊन टाकायचं. मग बाहेरच्या कुणालाही त्यावर गेम करता येणार नव्हता, आणि वाघचौरेंना प्रयोगशाळेत पाऊल टाकता येणार नव्हतं.

“भाषण करत नाही,” त्या म्हणाल्या. “आधी कुणीतरी खेळा.”

इस्माईल मुजावर उठले. मिरजेचे, अठ्ठावन्न वर्षांचे, गेमकार संघाचे अध्यक्ष. तरुणपणी आट्यापाट्यांत जिल्ह्याचं मैदान गाजवलेलं. वाघचौरेंना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी नमुन्याला आट्यापाट्यांचाच गेम करून ठेवला होता.

“नियम बदललेत का?” मुजावरांनी विचारलं.

“नाही. पाटीवरचा गडी आपली आखलेली पाटी सोडणार नाही. तुम्ही त्याला हूल द्यायची आणि पलीकडं जायचं.”

चकती मानेमागे चिकटवली. मुजावरांनी एक नियंत्रक हातात घेतला आणि पडद्यावरच्या गड्यासमोर उभे राहिले. अंगठा डावीकडे, तिथूनच तोडून उजवीकडे, आणि गडी पाटीवर डावीकडे झेपावला तेव्हा मुजावर पलीकडे पोचलेसुद्धा होते.

“आयला!” ते ओरडले. परत खेळले. परत. चौथ्यांदा तर ते स्वतःच सभागृहात उडी मारून बाजूला झाले, पुढच्या रांगेतल्या पाण्याच्या बाटल्या आडव्या झाल्या. “अंगठ्याच्या आधी पळतंय की ह्ये! मधी काय उशीरच न्हाई! मॅडम, चाळीस वर्षांनी माझं अंग मला परत मिळालं बघा!”

सगळे उठून पडद्याकडे धावले. मला द्या, मला द्या, असा गलका झाला. वसईच्या लविना घोन्साल्विसनी चकती जवळजवळ ओढूनच घेतली. दोन डाव खेळून त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “माझा शर्यतीचा गेम यावर गेला ना, तर लोक घाम पुसत उठतील. कसं केलंत हे?”

“तुम्ही अंगठा हलवता त्याच्या साधारण तीन दशांश सेकंद आधी,” वाघचौरे म्हणाल्या, “मेंदूकडून निघालेली आज्ञा मानेतून खाली येते. हाताची, पायाची, अगदी बोलायच्या आधी कंठाचीसुद्धा. तिला आम्ही कच्ची लहर म्हणतो. चकती ती पकडते. यंत्र पुढचं चित्र तयार करून ठेवतं आणि अंगठा हलला की लगेच दाखवतं.”

“आणि अंगठा हललाच नाही तर?”

“तोच तर सगळा मुद्दा आहे. लहर उठल्यावरही माणूस थांबू शकतो. त्या तीन दशांश सेकंदांत तो स्वतःलाच मोडता घालतो. म्हणून आमच्या यंत्रात मोडता-फट आहे. लहर तिथं थांबते. माणसानं मोडता घातला तर यंत्र तयार केलेलं चित्र फेकून देतं, लहर पुसून टाकतं. गेमपर्यंत पोचते ती फक्त पुरी झालेली कृती.”

मुजावर मान डोलवत होते. “म्हंजे हूल.”

“बरोब्बर. हूल म्हणजे काय? सुरू केलेली आणि मध्येच मोडलेली हालचाल. नुसती लहर पाहिली तर हूल आणि खरी झेप यांत काडीचा फरक नसतो. मोडता-फट काढून टाका, प्रत्येक हूल खरी धरली जाईल.”

“मग कच्ची लहर कुणाला मिळणार?” मुजावरांनी विचारलं. एकदम शांत आवाजात.

वाघचौरे म्हणाल्या, “कराराच्या माझ्या मसुद्यात लिहिलं होतं, कुणालाच नाही. आज सकाळी नऊ वाजता मला कळलं की चौदावं कलम बदललंय. निवडक भागीदारांना मिळणार. आणि खेळाडूच्या कुठल्याही व्यवहाराला, अगदी खरेदीलासुद्धा, लहर हाच होकार धरला जाणार.”

लविनाबाईंनी मानेमागची चकती काढून टेबलावर ठेवली.

“म्हणजे पोरानं तलवारीच्या चित्राकडे बोट न्यायचं मनात आणलं आणि लगेच आवरलं,” लविनाबाई म्हणाल्या, “तरी तलवार विकली गेली?”

“हो.”

“आणि ज्याला कच्ची लहर मिळेल त्याच्यापुढे आम्ही काय, झक मारायची?”

तेवढ्यात व्यवस्थापकीय संचालक कौस्तुभ धारवाडकर दोन वकील आणि तीन कॅमेरेवाले घेऊन आत आले. कंपनीची रीतच होती ती. काम चालू असताना साहेब कधी दिसायचे नाहीत, सह्यांच्या आणि फोटोंच्या वेळेला बरोबर हजर व्हायचे.

“झालं का समजावून?” ते हसत म्हणाले. “करार यंत्रावरच करायचाय. नव्या युगाची सुरुवात नव्या पद्धतीनं! या यंत्रावर मान्य केलं की मुख्यालयात शिक्का उठतो. यावरच्या प्रत्येक व्यवहाराला करार लागू, अगदी या कराराच्या व्यवहारालासुद्धा.”

“चौदाव्या कलमासकट?” मुजावर.

“अर्थात. बघा, विज्ञान स्पष्ट आहे. लहर म्हणजेच इच्छा. हात काय, मागाहून येणारा हमाल. खेळाडूच्या मनात आलं म्हणजे त्याला हवंय. आम्ही फक्त त्याला मदत करतो.”

खुर्च्या सरकल्या. अकोल्याचे तिघं बॅगा उचलून दाराकडे निघाले. वाघचौरे टेबलाची कड धरून उभ्या होत्या. सात वर्षं दारातून बाहेर चालली होती आणि ती अडवायला त्यांच्याकडे एकही खोटा शब्द नव्हता.

“थांबा रे,” मुजावर म्हणाले. “साहेब, एक डाव खेळू. खरा.”

“कसला?”

“पडद्यावर दोन दारं. डावीकडं ‘मान्य’, उजवीकडं ‘अमान्य’. वर माझा प्रस्ताव : चौदावं कलम रद्द, कच्ची लहर कायमची बंद, तुम्हाला, आम्हाला, त्या परदेशातल्याला, कुणालाच न्हाई. मी पाटीवर. चकती तुम्ही लावायची, आणि लहर कच्ची चालू ठिवायची. एका मिनटात तुम्ही ‘अमान्य’मधनं भाईर पडलात, तर आमी सत्तावीस जण तुमच्या कलमासकट आत्ता सह्या करतो.”

“इस्माईलभाई!” लविनाबाई उसळल्या. “आमच्या वतीनं बोलायचा अधिकार कुणी दिला तुम्हाला?”

“तुम्हीच. निवडणुकीत.” मग मुजावर जरा वाकले. “लविनाताई, एक मिनीट. फकस्त एक.”

लविनाबाई धुमसत बसल्या. अकोलेकर दारात थांबले.

एक वकील साहेबांच्या कानाशी लागला. धारवाडकरांनी त्याला हातानं बाजूला केलं. “आणि मी ‘मान्य’मधून गेलो तर?”

“तर प्रस्ताव मंजूर. पण तुमाला तर मंजूर करायचाच न्हाई. मनातच न्हाई, तर लहर कुठनं यील? का तुमच्या कलमावर तुमचाच भरवसा न्हाई?”

कुणीतरी मागून फिस्सकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. सत्तावीस सह्या एका मिनिटात, आणि तीन कॅमेरे चालू.

“सर,” वाघचौरे पुढे आल्या, “खेळायच्या आधी हूल म्हणजे काय ते ऐकून घ्या. कच्च्या लहरीत...”

“मॅडम, तुम्ही बटणं दाबा. मला खेळ शिकवू नका. कॉलेजात कप्तान होतो मी आट्यापाट्यांचा.”

मुजावरांचे डोळे लकाकले. वाघचौरेंनी ते पाहिलं आणि तेव्हा त्यांच्या लक्षात सगळं आलं. सांगायचं ते त्या सांगत होत्या, साहेबांनीच तोंड बंद केलं होतं. त्यांनी मोडता-फट बंद केली. चकती साहेबांच्या मानेमागे लावली, दुसरा नियंत्रक त्यांच्या हातात दिला. मोठ्या पडद्याच्या कोपऱ्यात त्यांची लहर हिरव्या रेघेत सपाट धावू लागली.

“चला!”

पडद्यावरच्या पाटीवर मुजावरांचा गडी आला आणि थेट उजवीकडे सरकून ‘अमान्य’च्या दारासमोर ठाण मांडून बसला. हलेचना. डावीकडचं दार सताड उघडं.

“हे काय?” धारवाडकर म्हणाले.

“अडवतोय. कप्तान म्हणालात न्हवं? पाडा की मला.”

दहा सेकंद. वीस. सगळे उभे राहिले होते. अकोलेकर खुर्चीवर चढले. धारवाडकरांनी गुडघे वाकवले, खांदे सैल सोडले. कॉलेजातलं अंग जागं झालं होतं. समोरचा उजवीकडे रुतून बसलाय, त्याला उठवायचा एकच उपाय असतो आणि तो त्या मैदानात खेळलेल्या प्रत्येकाच्या हाडात भिनलेला असतो. उजवीकडं जायचं तर आधी डावीकडं झुकायचं.

हिरवी रेघ डावीकडे उसळली.

अंगठा तसूभरही सरकला नव्हता. साहेब अजून हूल द्यायच्या बेतातच होते, आणि पडद्यावर अक्षरं उमटली : प्रस्ताव मान्य. व्यवहार नोंदला. वकिलाच्या फोनवर मुख्यालयाचा शिक्का टिणकन वाजला.

मग लविनाबाईंनी अशी शिटी मारली की भिंतीवरची काच थरथरली.

“मी दाबलंच नाही!” धारवाडकर ओरडले. “ती हूल होती! मला उजवीकडं जायचं होतं! नुसतं झुकणं म्हणजे काय होकार होतो?”

“न्हाई हुत?” मुजावरांनी नियंत्रक खाली ठेवला. “बोला साहेब, कॅमेऱ्यासमोर बोला. लहर म्हंजे होकार असंल तर तुमी आत्ता चौदावं कलम रद्द केलंत. लहर म्हंजे होकार नसंल तर त्या कलमात उरलं काय? तुमाला कुठल्या दारानं जायचंय?”

साहेबांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी एकमेकांकडे. चकती अजून मानेमागेच होती. पडद्यावर कंठाची लहर उठली, चांगली उंच, काहीतरी शिवीसारखं येत होतं. सगळा हॉल त्या रेघेकडे बघत राहिला. रेघ तशीच खाली बसली. साहेबांनी मोडता घातला होता. त्यांनी चकती काढून टेबलावर ठेवली आणि ते वकिलांना घेऊन निघून गेले. फोटो राहिलेच.

“आता आमच्या सह्या,” मुजावर म्हणाले. “पण मॅडम, आधी मोडता-फट चालू करा. आमी खेळाडू माणसं, आमचा काय नेम न्हाई.”

वाघचौरेंनी फट चालू केली. मुजावरांनी चकती लावली. पडद्यावर तीच दोन दारं, वर आता चौदाव्या कलमाशिवायचा करार. ते जरा थांबले, मागे वळून लविनाबाईंकडे बघितलं, आणि झपकन अंगठा उजवीकडे, ‘अमान्य’कडे नेला.

“अहो!” वाघचौरे किंचाळल्या.

पण अंगठा त्यांनी मध्येच थांबवला होता. यंत्र शांत. काहीच नोंदलं नाही. मुजावर खदाखदा हसले आणि सावकाश, सगळ्यांना दिसेल असे, डावीकडच्या दारातून पलीकडे गेले.

“चालतंय की झकास,” ते म्हणाले. “हां, या आता एकेक जण. ढकलाढकली नको. अकोला, खुर्चीवरनं आधी उतरा!”