त्याच्या मापाची सीट

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा माझ्या खांद्यावर चामड्याची गुंडाळी होती आणि तोंडात शिव्या. एका गिऱ्हाइकाला रंगाचा नमुना दाखवायला निघाले होते. आत दिवा गेलेला, पंखा बंद, आणि बाहेर पाऊस असा पिरपिरत होता की ऐकूनच डोकं उठावं. मी दारावर एक लाथ घातली.

"लाथेने चालली असती तर मला कोणी नोकरीवर ठेवलं नसतं," पलीकडून आवाज आला. शांत, जरासा हसरा.

नोकरी आहे तर करा की मग, मी म्हटलं. करतोच आहे, तो म्हणाला, पण हिला घाई केलेली चालत नाही, रुसून बसते. मग बराच वेळ नुसती खुडबुड... आणि मध्येच तो म्हणाला,

"आत चामड्याचा वास कसा काय?"

"माझ्याकडे आहे. गाड्यांच्या सीट शिवते मी."

खुडबुड थांबली. दाराच्या फटीतून ग्रीसने माखलेली दोन बोटं आत आली आणि तिथेच थांबून राहिली. त्यांना काय हवंय ते मला कळलं. मी का दिलं, ते मात्र अजून कळलेलं नाही. गुंडाळीचं टोक मी त्या बोटांत सरकवलं, त्याने ते बाहेर ओढून उजेडात पाहिलं असावं.

"हाच रंग," तो म्हणाला. "किती वर्षं शोधतोय..."

दार उघडलं तर समोर दारभर रुंद माणूस. कानाला ग्रीस, केस विस्कटलेले, आणि डोळे माझ्याकडे नाहीत, चामड्याकडे. अंधारात कोंडून पडलेल्या बाईला निदान सॉरी तरी म्हणावं माणसाने. मला असा राग आला म्हणून सांगू. तरी ग्रीसचे डाग पडलेलं ते टोक मी कापून फेकलं नाही, दुकानात आणून फळीवर ठेवलं.

सीट शिवणं हा आमचा घरचा धंदा. बाबा गेले तेव्हा मशीन, कात्र्या, दाभणं आणि आई माझ्या वाट्याला आली. बाबांचा एक नियम होता. सीट बनवायची तर माणसाला नुसत्या चौकटीवर बसवायचं, आपण मागे उभं राहायचं आणि त्याच्या पाठीकडे बघायचं. कुठे टेकतो, कुठे वाकतो, कोणता खांदा पाडतो. तोंडाकडे बघायचंच नाही. ते म्हणायचे, तोंड बघितलं की माणूस आवडायला तरी लागतो किंवा डोक्यात तरी जातो, आणि फोम चुकतो. मी हा नियम कधी मोडला नव्हता. गिऱ्हाइकं मला पाठीवरून ओळखू येतात. समोरून आली की कोण म्हणून विचारते.

चार-आठ दिवसांनी लिफ्टवाला दुकानात आला आणि उभ्या उभ्या गाडीची गोष्ट सांगायला लागला. पंधरा वर्षांचा असताना तो पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरायचा. एकदा एक बाई दोन दारांची गर्द हिरवी गाडी घेऊन आल्या, गोल दिवे, आत तपकिरी चामडं. फोन करायला जाताना त्या म्हणाल्या, बस हवं तर आत. तो बसला. स्टिअरिंगला हात लावायची हिंमत झाली नाही म्हणून हात मांडीवर ठेवून बसला, शाळेत बसतात तसा. तेव्हा जो नाद लागला तो लागलाच. आधी भंगारात तसलं स्टिअरिंग मिळालं, ते त्याने खोलीत भिंतीवर टांगलं. मग दिवे मिळाले, मग एक दार. स्थळ घेऊन येणारे लोक पलंगाशेजारचं ते दार बघून आल्या पावली परत जायचे. शेवटी गाडीचा सांगाडा मिळाला. तो आता भाड्याच्या गॅरेजमध्ये उभा होता, आणि इंजिनाची थोडी कामं सोडली तर फक्त सीट राहिल्या होत्या.

"एवढा आटापिटा करून जाणार कुठे?" मी विचारलं.

"सरळ," तो म्हणाला. "आयुष्यभर वर-खाली केलं. एकदा गावाबाहेरच्या रस्त्याने, काच खाली करून, नुसतं सरळ जायचंय."

मला हसू आलं, ते मी दाबलं. हसलं की गिऱ्हाइक डोक्यावर बसतं.

त्याला चौकटीवर बसवून मी मागे उभी राहिले. पाठ कसली, भिंतच ती. डावा खांदा जरा पडलेला. मी खडूने खुणा करत होते तर म्हणतो कसा, मागून काय बघताय, समोरूनही बरा आहे मी. समोरचं मला लागत नाही, मी म्हटलं.

"बघून तर ठरवा."

आणि मी समोर गेले. काय गरज होती, सांगा. त्याचे डोळे आधी हसायचे, तोंडाला मागाहून कळायचं. भुवईत ग्रीसचा एक ठिपका होता आणि तो पुसायला माझा हात... नाही उचलला मी. पण शिवशिवला, हे खरं.

सीट झाली. गॅरेजमध्ये बसवली, तो बसला, डोळे मिटले आणि हात मांडीवर ठेवले. मी बाहेर जाऊन पाऊस बघत उभी राहिले.

महिन्याभराने त्याचा फोन. सीट सैल वाटतेय. माझी सीट? सैल? तणतणत गेले तर खरंच दोन्ही बाजूंना बोटभर फट. सीट काढून दुकानात आणली, टाके उसवले, फोम भरला, पुन्हा शिवली. हा समोर स्टुलावर बसून बघत होता, आणि मी स्वतःला घालून पाडून बोलत होते ते ऐकत होता. मध्येच म्हणाला, "तुझी जीभ म्हणजे दाभण आहे." तुझी. अहो-जाहो त्या दिवशी संपलं आणि माझं नाव दाभण पडलं. आई त्याला वर-खाली म्हणायची. आज वर-खाली आला नाही का गं, अशी चौकशी व्हायची रोज संध्याकाळी.

सीट पुन्हा सैल झाली. मी पुन्हा भरली. मग पुन्हा. बाबांच्या वेळी एकसुद्धा सीट परत आली नव्हती, आईने टोमणा मारला. मला तो लागला, पण खरं सांगू का, सीट परत आली की मला बरंच वाटायचं. मी टाके बारीक घालायचे, म्हणजे उसवायला वेळ लागेल, आणि तो तेवढा वेळ स्टुलावर बसेल. हल्ली तो चहा नको म्हणायचा. बारीक झालास का रे, असं एकदा विचारलं तर म्हणाला, प्रेमात माणूस वाळतो म्हणतात. लाजून मी मान खाली घातली आणि सुई बोटात घुसवून घेतली.

पुढच्या वेळी मी न सांगता गॅरेजमध्ये गेले. गाडीचं दार उघडं होतं, तो सीटच्या कडेला, पाय बाहेर सोडून, माझ्याकडे पाठ करून वाकून बसला होता. सवयीने मी मागे उभी राहिले. कितीतरी महिन्यांनी त्याच्या पाठीकडे बघत होते. ती भिंत नव्हतीच आता. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता, आणि त्यातून खांद्यांची हाडं वर आली होती.

"माप चुकलेलं नाही," मी म्हटलं.

तो वळला नाही. "नाही."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तू दुसऱ्यांदा सीट नेलीस ना, त्याच्या आधीपासून."

पोटात गाठ होती. कापून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग मला वेड्यासारखा फोम कशाला भरायला लावलास, मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"तू यायचीस म्हणून," तो म्हणाला. "सीट नीट बसली असती तर कशाला आली असतीस?"

मी निघून आले. दोन दिवस दुकान उघडलं नाही. घरात भांडी आपटली, आईवर ओरडले. आईने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, रडायचं असेल तर तिथे जाऊन रड, इथे कोणाला दाखवतेस.

गेले. त्या दिवशी गाडीचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं होतं. आवाज ऐकून मी धावत आत गेले, तर तो सीटवर बसलेला, घामाने निथळत. क्लचवर पाय होता आणि तो पाय थरथरत होता. दाबला जात नव्हता. त्याने दोनदा प्रयत्न केला, मग चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"ही सीट तुझ्या मापाची कर," तो म्हणाला. "बाजूची माझ्या मापाची."

नाही करणार, मी म्हटलं. ही सीट तुझी आहे. मी सीट शिवते, गाडी चालवत नाही. शीक मग, तो म्हणाला. मला शिकण्याची भीती नव्हती. ती सीट मी माझ्या मापाची केली म्हणजे तो तिथे परत बसणार नाही हे कबूल केल्यासारखं होतं, आणि ते मी मेले तरी करणार नव्हते.

"दाभण, ऐक. मला आता चालवायची नाहीये ती. त्या रस्त्याने जायचंय, तुझ्या बाजूला बसून." तो थांबला, त्याला दम लागला होता. "आवडतेस तू मला. सांगायला उशीर केला."

"मलाही तू आवडतोस," मी म्हटलं. "लिफ्टचं दार उघडलं तेव्हापासून. पण तू चामड्याकडे बघत होतास."

"तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही," तो म्हणाला. "स्टिअरिंगसारखंच."

आणि मी तिथेच, त्याच्या हाडकुळ्या खांद्यावर डोकं टेकून, पोटभर रडले. त्याचा हात माझ्या केसांत होता. ग्रीस लागेल, तो म्हणाला. लागू दे, मी म्हटलं.

माझं माप त्याने घेतलं. मी चौकटीवर बसले, तो खडू घेऊन मागे.

"पाठीकडेच बघायचं हं," मी बजावलं.

"पाठ रोजच दाखवतेस. रागावून जाताना."

पण खुणा व्हायच्या आधीच तो समोर येऊन बसला. बघत राहिला... मीही बघू दिलं. खुणा शेवटी मीच अंदाजाने केल्या, आणि सीट नेमकी बसली.

लग्न करशील का, मीच विचारलं. अशा अवस्थेतल्या माणसाशी कशाला, तो म्हणाला. मोडक्या वस्तूंचाच माझा धंदा आहे, मी म्हटलं. तो खूप हसला, पण नाहीच म्हणाला. त्यात वेळ घालवण्यापेक्षा क्लच शीक. लोकांना काय सांगायचं, आईने विचारलं. गाडी शिकतेय म्हणून सांग, मी म्हटलं.

एका ओसाड मैदानात मी शिकले. गाडीला तो बाईसाहेब म्हणायचा. बाईसाहेबांना असं हिसडे देऊन नको, बाईसाहेब रुसतात. परवाना हातात आला तरी क्लच, गिअर आणि रस्ता तिन्हींकडे एकदम लक्ष देणं मला जमेना. शेवटी तो म्हणाला, "तू क्लच दाब. गिअर माझ्याकडे." मी दाबायचे, बाजूच्या सीटवरून तो हात पुढे करून गिअर टाकायचा. कधी टाकायचा ते त्याला आवाजावरून कळायचं. कधीकधी माझा हात आधीच तिथे असायचा, मग तो वरून हात ठेवायचा आणि दोघांचे हात मिळून पुढे जायचे. अशाने मला गाडी कधीच नीट येणार नाही, मी म्हणायचे. नको येऊ दे, तो म्हणायचा.

मग पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी गेलो. त्याला अंथरुणातून उठवून, शर्ट घालून, हाताला धरून मी गाडीत बसवलं. त्या सीटमध्ये मी फोम इतका भरला होता की त्याला कुठे हाड टोचू नये. गाव संपलं, घरं संपली, आणि तो रस्ता लागला, दोन्ही बाजूंना गवत आणि मध्ये नुसता रस्ता. पाऊस भुरभुरत होता. काच खाली कर, तो म्हणाला. भिजशील, मी म्हटलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडी थांबवून गुपचूप त्याच्या बाजूची काच खाली केली.

मी क्लच दाबला, त्याने गिअर टाकला. पुन्हा दाबला, पुन्हा टाकला. वाऱ्याने त्याच्या तोंडावर पावसाचे थेंब येत होते आणि तो पुसत नव्हता.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"सरळ," तो म्हणाला.

शेवटचा गिअर टाकून झाला तरी त्याने हात काढला नाही. माझाही तिथेच होता. पेट्रोल अर्ध्यावर येईपर्यंत आम्ही गेलो, मग परत फिरलो.

पावसाळा संपायच्या आत तो गेला. गाडी माझ्याकडे आहे. बाजूच्या सीटवर आई बसते तेव्हा म्हणते, ही सीट कशी गं, माणूस नुसता बुडून जातो. बदल ना फोम. मी बदलत नाही.

गाडी मला आता चांगली येते. फक्त एक खोड राहिली आहे. चौकात हिरवा दिवा लागतो, मी क्लच दाबते आणि थांबते. मागचे हॉर्न वाजवायला लागतात, कोणी काचेतून डोकं काढून शिकून या आधी म्हणतं. मी डावीकडे बघते. मग गिअर मीच टाकते.